निकोसियातलं कॉफीघर आणि माझं पत्रक

तुम्ही एखाद्या माणसाला, त्याला एका शब्दानेही न विचारता, कधी वाचवलं आहे का?

मी वाचवलं आहे. भूमध्य समुद्रातल्या एका बेटाच्या राजधानीत, कामासाठी गेले असताना, आईच्या देखत. ज्या बाईंना वाचवलं त्या अजून माझ्याशी बोलतात, हा त्यांचा मोठेपणा. माझा त्यात काही वाटा नाही.

मी न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थ गावात, दुधावर संशोधन करते. सायप्रस बेटावर हलूमी नावाचं चीज होतं. आपल्या सुपरमार्केटातही मिळतं ते, तव्यावर टाकलं तरी न वितळणारं. ते का वितळत नाही यावर निकोसियात एक छोटी परिषद होती आणि माझं जाणं ठरलं. आई तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य नोकरी केलेली बाई, आता आमच्या घराच्या खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघत होती. "इथं माणसं गाडीतनं निघतात आणि गाडीतच परत येतात," ती म्हणायची. "मधे कुठं उतरतात ते काही दिसत नाही." तिला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून बरोबर घेतलं. म्हणजे तेव्हा मला वाटत होतं की मी तिला घेऊन चालले आहे.

बाबा आले नव्हते. बाबांनी पासपोर्टच काढलेला नाही. मिरजेत त्यांचा छोटा छापखाना होता आणि त्यातून त्यांनी आयुष्यभर लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त छापली. माणसाला जगात फिरायला परवानगी लागते हेच त्यांना मान्य नाही, त्यामुळे ते तत्त्व म्हणून घरी बसतात. मी न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा ते काही दिवस माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. मी त्यांचीच मुलगी. अक्षरं लागायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता येत होती.

समुद्र नसलेली राजधानी

विमानतळ समुद्राकाठी आहे, पण तिथून बस निघाली ती आतल्या बाजूला. आई खिडकीतून बघत राहिली. आधी समुद्र गेला, मग झाडं विरळ झाली, मग पिवळी कोरडी जमीन आली.

"रेणू, समुद्र मागं राहिला."

"हो आई. निकोसिया बेटाच्या मधोमध आहे."

"मग हे?" तिने मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. पिशवीत तिचे नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, होते. भूमध्य समुद्रावर जायचं म्हणून मीच तिला पामर्स्टन नॉर्थच्या दुकानात नेऊन, अर्धा दिवस समजूत काढून, निळे, लांब बाह्यांचे घ्यायला लावले होते. बेटाची राजधानी म्हणजे समुद्र असणारच, हे मी गृहीत धरलं होतं. नकाशा बघण्याआधी मी बेटाचा वसाहतवादी इतिहास वाचला होता.

"किनाऱ्यावर पूर्वी चाचे यायचे," मी म्हणाले, "म्हणून राजधानी आत नेली."

"शहाणी माणसं," आई म्हणाली आणि टॉग्जची पिशवी सीटखाली सरकवली.

निकोसियाचं जुनं शहर वरून पाहिलं तर एखाद्या दातेरी चाकासारखं दिसतं. सभोवती गोल दगडी तट आणि त्याला बाणाच्या टोकासारखे अकरा बुरूज. हा तट व्हेनिसच्या लोकांनी बांधला. शहर तेव्हा याहून बरंच मोठं होतं. तुर्कांचं आरमार येणार म्हणून त्यांनी घाईघाईने लहान, गोल, आधुनिक तट आखला आणि त्याच्या बाहेर जे जे येत होतं, घरं, मठ, राजवाडे, सगळं स्वतःच पाडून टाकलं. नदीसुद्धा वळवली. तट पुरता होण्याच्या सुमाराला तुर्क आलेच आणि काही आठवड्यांत शहर पडलं. वाचवण्याच्या भरात निम्मं शहर आपणच पाडणाऱ्या त्या व्हेनिसवाल्यांवर मी बुरुजावर उभी राहून बरंच तिखट बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकून पाहत म्हणाली, "खंदकात आता पार्किंग आहे."

आणि खरंच होतं. खंदकात गाड्या, थोडी बाग, एके ठिकाणी पोरं फुटबॉल खेळत होती. तटाच्या तीन जुन्या वेशींपैकी एका वेशीत प्रदर्शनं भरतात. आत गेलं की गल्ल्या अरुंद होतात. मधाच्या रंगाचे दगड, लाकडी सज्जे, दारात कुंड्या, कुठून तरी जाईचा वास. वर एक प्रार्थनाघंटा, पलीकडे एक मिनार. सुतारांची, लोहारांची दुकानं, त्यांना चिकटून नवी कॅफे. आणि चालता चालता गल्ली अचानक संपते. समोर निळे-पांढरे लोखंडी पिंप एकावर एक, वर वाळूची पोती, काटेरी तार आणि फोटो काढू नका अशी पाटी.

पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लढाईपासून हे शहर असंच दोन भागांत आहे. दक्षिणेला ग्रीक बोलणारे, उत्तरेला तुर्की बोलणारे, मधे संयुक्त राष्ट्रांनी राखलेली ओसाड पट्टी. तीत बंद पडलेली घरं, झाडं उगवलेली दुकानं. मला अशा ठिकाणी गप्प राहता येत नाही. आमची राहायची जागा अशाच एका गल्लीत होती आणि गल्लीच्या टोकाला, पिंपांच्या अगदी अलीकडे, आंद्रूलाचं कॉफीघर होतं.

अक्रोडाचा मुरंबा

तिकडे कॉफी मागवताना साखर किती ते आधीच सांगायचं, कारण साखर पाण्याबरोबरच लांब दांड्याच्या भांड्यात उकळते. बिनसाखरेची, मध्यम किंवा गोड. नंतर ढवळायचं नाही, तळाशी गाळ असतो. हे मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या दिवशी ढवळली आणि तोंडभर गाळ खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी अतिशय सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

आंद्रूला सत्तरीची. ठेंगणी, काळा झगा, त्याखाली चक्क जँडल्स, आपल्या रबरी सपाता. तरुणपणी काही वर्षं लंडनला नातेवाइकांकडे राहिली होती, त्यामुळे इंग्रजी फाडफाड. नवरा गेल्यावर कॉफीघर तीच चालवत होती. तिने आमच्यासमोर काचेच्या बशीत एकेक अख्खा काळा अक्रोड ठेवला, पाकात मुरलेला, सालीसकट, लवंगेचा वास असलेला. शेजारी गार पाण्याचा ग्लास. पाहुणा आला की तिकडे हे असतंच. आपल्याकडचं गूळपाणी आणि मोरावळा एकाच बशीत आले म्हणा.

आईने चमचा उचलला. मी उचलला नाही. साखरेच्या मळ्यांचा इतिहास मी वाचला होता, सायप्रसमध्येही एके काळी असे मळे होते, त्यावर राबणारे गुलाम होते, आणि मी पाकातल्या पदार्थांपासून दूर राहते. हे मी आंद्रूलाला समजावून सांगितलं. सगळं.

तिने ते ऐकलं. मग म्हणाली, "कोरी, हे अक्रोड माझ्या बहिणीच्या झाडाचे आहेत. त्यांनी कुणाला राबवलेलं नाही. खा."

कोरी म्हणजे तिकडे पोरी. मी खाल्लं. उरलेल्या मुक्कामात मी रोज खाल्लं, आणि दुसरा मिळतो का याची वाट पाहिली.

आईचं लक्ष मात्र आंद्रूलाच्या मांडीवरच्या परातीकडे होतं. ती मोठाल्या खरखरीत कंदांची सालं काढत होती.

"रेणू, अळकुड्या आहेत या."

होत्याच. तिकडे त्याला कोलोकासी म्हणतात. आंद्रूला सुरी थोडी आत घालून मनगटाला हिसका देत कंदाचा तुकडा मोडून काढत होती. आई उठून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने आपल्या दवाखान्यातल्या इंग्रजीत विचारलं, "वॉश?"

"सोलल्यावर पाणी लावायचं नाही. कधीच नाही. बुळबुळीत होतं."

"मी धुते. चिंच घालते, मग होत नाही."

"चिंच?" आंद्रूलाने परात खाली ठेवली. "दाखव."

चिंच नव्हती, लिंबू होतं. मी परिषदेला निघून गेले, हलूमी का वितळत नाही ते ऐकायला. संध्याकाळी परतले तेव्हा दोघी एकाच पातेल्यातून चव घेत होत्या आणि टोमॅटोवरून वाद चालला होता. पामर्स्टन नॉर्थला आई जितकं महिन्यात बोलत नाही तितकं त्या दिवसात बोलली असावी.

रेषेपलीकडची दुपार

जुन्या शहराच्या मधल्या खरेदीच्या रस्त्यावरूनच चालत पलीकडे जाता येतं. एकीकडे आइस्क्रीमचं दुकान, दुसरीकडे चपलांचं, आणि मधे पोलिसांची खिडकी. माझ्याकडे न्यूझीलंडचा पासपोर्ट होता. आईचा भारतीय, त्यावर एकदाच आत येऊ देणारा व्हिसा. तिकडे गेल्यावर परत येताना कटकट नको म्हणून तिने आंद्रूलाकडेच थांबायचं ठरवलं.

मी खिडकीशी गेले, आधी सवयीने "किया ओरा", आपल्याकडचा माओरी नमस्कार, म्हणाले, पासपोर्ट काचेखालून सरकवला आणि आतल्या तरुण पोलीस बाईला स्पष्ट सांगितलं, "मी हा दाखवते आहे याचा अर्थ ही रेषा मला मान्य आहे असा नाही."

तिने पान उलटलं. "इथे ती कुणालाच मान्य नाही," ती म्हणाली. "पुढे व्हा, मागे रांग आहे."

ओसाड पट्टीतून थोडंसं चालायचं, मग पलीकडची खिडकी. तिथेही मी तेच वाक्य बोलणार होते, पण मागच्या आजोबांच्या हातात जिवंत कोंबडी असावी इतकी फडफडणारी पिशवी होती, म्हणून राहू दिलं.

पलीकडे वेगळं काहीतरी दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तीच गल्ली पुढे चालू होती. तेच दगड, तेच सज्जे, तीच लांब दांड्याची भांडी, तोच गाळ. दुकानातल्या वस्तू बदलल्या, पाट्यांवरची भाषा बदलली. व्यापाऱ्यांची एक जुनी दगडी सराई आहे, चौकाभोवती दोन मजली कमानी, आत आता विणकाम आणि चित्रं विकणारे बसतात. जवळच एक उंच फ्रेंच धाटणीचं चर्च, त्याला मिनार जोडून शतकानुशतकं मशीद केलेलं. बाहेरून चर्च, आतून पांढरीशुभ्र मशीद, गालिचे तिरके, कारण इमारतीची दिशा एक आणि मक्केची दुसरी. मी सराईत बसून हलूमी खाल्लं. तिथे त्याला हेलिम म्हणतात आणि कलिंगडाबरोबर देतात. वाढणाऱ्या माणसाला मी विचारलं की दोन्हीकडचं चीज एकच, मग भांडण कशाचं. तो म्हणाला, "आमचं जास्त चांगलं आहे." मी ही गोष्ट वहीत ‘साम्राज्यवादाचे अवशेष’ या मथळ्याखाली लिहून घेतली.

म्हणजे परत येताना माझं डोकं किती तापलेलं होतं याची तुम्हाला कल्पना यावी.

गल्लीत शिरले तर आंद्रूलाच्या दारात एक गोरटेला, चष्मेवाला माणूस फीत लावून चौकटीची उंची मोजत होता. त्याने आत जाऊन भिंतींचं मोजमाप घेतलं, छताचे फोटो काढले. आंद्रूला कपाटाशी उभी होती आणि रडत होती. तो गेला. शेजारच्या सुताराला मी विचारलं, हा कोण. तो म्हणाला, "मारिओस. ही जागा घेतोय. हॉटेल काढणार."

झालं. मला बाकी काही लागतच नव्हतं.

"रेणू, ऐक ना," आई म्हणाली. ती खुर्ची घेऊन दाराबाहेर बसली होती. "आंद्रूलाची मुलगी आहे ना..."

"आई, नंतर."

"अगं, मला तिनं आज सगळं..."

"आई, इथे एका बाईचं आयुष्य मोजपट्टीने मोजलं जातंय. नंतर."

आई गप्प बसली. नर्सना ती सवय असते. पेशंट फार बोलत असेल तर त्या थांबतात.

पत्रक

बाबा म्हणायचे, पत्रकात तीन गोष्टी लागतात. धोका काय, तो कुणाकडून, आणि वाचणाऱ्याने आज काय करायचं. बाकी सगळी भरती. मी इंग्रजीत पत्रक लिहिलं. त्यात लिहिलं की रणगाड्यांना जे जमलं नाही ते आता पैसा करतो आहे. लिहिलं की या गल्लीतल्या एका असहाय वृद्धेला तिच्या चुलीपासून तोडलं जात आहे. मारिओसला, नाव न घेता, ‘नफेखोर गिधाड’ म्हटलं. शेवटी, उद्या सकाळी सर्वांनी कॉफीघरासमोर जमावे. परिषदेत ओळख झालेल्या एका विद्यार्थ्याने त्याचं ग्रीक करून दिलं आणि मी दोन्ही भाषांत कॉपीच्या दुकानातून गठ्ठा काढून आणला.

राहायच्या जागेत छोटं स्वयंपाकघर होतं. मी मैदा शिजवायला घेतला. आई मागून आली.

"शिरा करतेस होय?"

"खळ करतेय. पत्रकं चिकटवायला."

आईने मैद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिला विचारलंस का?"

"आई, दबलेली माणसं स्वतःहून बोलत नाहीत."

हे वाक्य बाबांचं. आईने ते लग्नापासून ऐकलेलं आहे. ती झोपायला गेली.

पहाटे मी गल्लीतल्या विजेच्या खांबांवर, लाकडी झडपांवर, पडीक दारांवर पत्रकं लावली. मिरजेच्या खळीसारखी पक्की खळ. हात पांढरे झाले. खरं सांगते, फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. पामर्स्टन नॉर्थमध्ये कशाविरुद्ध उठायचं हे शोधण्यातच वर्ष जातं.

सकाळी माणसं जमली. विद्यार्थी आले, फोन घेऊन. शेजारची बायामाणसं आली. एक पर्यटक जोडपं कॉफी मिळेल का म्हणून आलं. आंद्रूला दाराबाहेर आली. तिच्या हातात पत्रक होतं. चष्मा नाकावर खाली ओढून तिने ते सगळ्यांसमोर, शांतपणे, शेवटपर्यंत वाचलं.

"ही असहाय वृद्धा कोण?" तिने विचारलं.

सुतार आपल्या जोड्यांकडे बघत होता.

"मी विचारते आहे, कारण या गल्लीत वृद्धा मीच आहे." ती माझ्याकडे वळली. "कोरी, हे तू?"

मी मान हलवली. अजूनही थोडी ताठच.

"ही जागा विकायचा मी किती दिवस प्रयत्न करते आहे, माहीत आहे तुला? पिंपांच्या शेजारचं घर कुणी घेत नाही. लोक येतात, भिंत बघतात, जातात. एक माणूस हो म्हणाला. एक. आज सकाळी कुणीतरी त्याला याचा फोटो पाठवला आणि त्याचा फोन आला. नको म्हणतो."

"पण तुम्ही काल रडत होता," मी म्हणाले.

"हो, रडत होते. माझं लग्न झालं तेव्हापासून मी या खोलीत उभी आहे. मी काय नाचायला हवं होतं? रडणं वेगळं, नको असणं वेगळं." तिने पत्रकाची घडी केली. घडी बाबांच्या पत्रकांना घालतात तशीच झाली. "माझी एलेनी टौरंगाला आहे. तुझ्याच देशात. तिला दुसरं मूल होणार आहे. मला माझे गुडघे चालतायत तोवर जायचंय, आणि जाताना तिच्यावर ओझं म्हणून जायचं नाही. हे सगळं तुझ्या आईला माहीत आहे. तिने तुला सांगितलं नाही?"

मी आईकडे पाहिलं. आई शिंपल्याच्या बटणांच्या स्वेटरच्या खिशात हात घालून उभी होती. ती काही बोलली नाही, हे तिने माझ्यावर केलेले मोठे उपकार.

कोमट पाणी

पत्रकं काढताना कळलं की मी खळ फार चांगली करते. नखांनी निघेना. आईने बादलीत कोमट पाणी आणि जुना टॉवेल आणला, कागद भिजवला, थोडं थांबली आणि एका बाजूने पट्टी सोडवल्यासारखा अख्खा कागद ओढून काढला. "ओढायची घाई करायची नसती," ती म्हणाली. "आधी भिजू द्यायचं." मग आम्ही खांब वाटून घेतले. विद्यार्थी पत्रकं काढतानाचेही फोटो काढत होते.

एका झडपेशी दोघी शेजारी आलो तेव्हा मी विचारलं, "तिला जायचंच आहे तर तू काय म्हणालीस?"

"जा म्हणाले. पण खरं तेही सांगितलं. म्हटलं, पहिले आठ दिवस नातवंडं गळ्यात पडतील. मग ती शाळेत जातील, मुलगी कामाला जाईल, आणि तुला घरात एक खिडकी शोधावी लागेल. पोरांना आपली भाषा कळती, पण उत्तर इंग्रजीत येतं. बाहेर पडावं तर रस्त्यावर माणूस नाही. दवाखान्यात जायचं तरी कुणीतरी न्यायला हवं."

मी ओला कागद हातात धरून उभी राहिले. "आई, तुला माझ्याकडे असं वाटतं?"

"तू विचारलंस का कधी?"

ती हे रागाने म्हणाली नाही. पुढच्या खांबाकडे गेली.

दुपारी मी मारिओसच्या शोधात तटाबाहेरच्या नव्या शहरात गेले. तो दातांचा डॉक्टर निघाला. आई बरोबर होती, कारण आता ती मला एकटीला कुठे सोडत नव्हती. बाहेरच्या खोलीत गाल धरून बसलेली दोन माणसं होती. मारिओस दारात आला आणि त्याने विचारलं, कुठला दात.

"दात नाही," मी म्हणाले. "ते पत्रक मी लिहिलं."

त्याने चष्मा काढून पुसला. "गिधाड मी का?"

"हो."

"आम्हाला पाहुण्यांसाठी चार खोल्या काढायच्या होत्या आणि स्वतःही तिथेच राहायचं होतं. माझी बायको पडद्यांची कापडं बघत होती." गाल धरलेली माणसं आता दुखणं विसरून ऐकत होती. "चांगलं लिहिता तुम्ही. मी वाचलं आणि मलाही माझा राग आला. पण ज्या गल्लीत सगळे आपल्याला गिधाड म्हणतात तिथे माझी बायको राहायला तयार नाही."

माझ्या आयुष्यात मी बिल्डर, मालक, दलाल यांच्याविरुद्ध जे काही लिहिलं होतं ते सगळं माझ्या मागे रांगेत उभं राहून बघत होतं. आणि मी म्हणाले, "कृपा करून ते घर विकत घ्या."

मारिओसने थोडा विचार केला. "मग दुसरं पत्रक लिहा."

"मी असल्या व्यवहाराच्या बाजूने..."

"लिहील ती," आई म्हणाली.

दुसरं पत्रक मी लिहिलं नाही. आंद्रूलाने सांगितलं आणि मी टाइप केलं. मी मधे एक विशेषण घातलं होतं, ते तिने काढायला लावलं. मजकूर असा होता: ‘आंद्रूलाचं कॉफीघर आंद्रूलाच्या इच्छेने नाताळात बंद होत आहे. ती मुलीकडे चालली आहे. तोपर्यंत या. मारिओसलाही कॉफी द्यायची आहे, त्याच्याशी नीट वागा.’ धोका नाही, शत्रू नाही. या वेळी खळ नाही, चिकटपट्टी.

लोक आले. वर्षानुवर्षं न फिरकलेले आले. कोण कुठल्या खुर्चीत बसायचा यावरून भांडले, कपाट कुणाला मिळणार यावरून त्याहून मोठं भांडले. मारिओस आला, बायकोला घेऊन. त्याने कॉफी मध्यम साखरेची मागितली आणि ढवळली नाही. सुताराने आधी त्याच्याकडे पाठ केली, मग दाराची चौकट कुठल्या लाकडाची आहे ते सांगायला लागला आणि थांबेचना. आंद्रूलाने सगळ्यांना अळकुड्या वाढल्या. लिंबाने धुतलेल्या. गल्लीतल्या बायकांना ते मुळीच मान्य नव्हतं, पण पातेलं रिकामं झालं.

निघताना आंद्रूलाने आईच्या पिशवीत अक्रोडाची बरणी घातली. ती ऑकलंडच्या विमानतळावर जप्त होणार याची मला धास्ती होती. आईने ती स्वतःहून पुढे केली आणि आतल्या बाईला म्हणाली, "विचारून घ्या, मी सांगते यात काय आहे." बरणी सुटली.

समुद्र आम्ही पाहिलाच नाही. टॉग्ज अजून पिशवीत घडीचे आहेत.

परत आल्यावर आंद्रूलाचा आईला फोन आला. मारिओसने कागदांवर सही केली. ती नाताळानंतर, इथल्या उन्हाळ्यात, टौरंगाला येते आहे. एलेनी आणि जावई दोघंही दिवसभर कामावर असतात, मोठा नातू शाळेत. आई मला म्हणाली की तिला बसने टौरंगाला जायचं आहे. अधूनमधून नव्हे, दर महिन्याला. मी गाडीने सोडते म्हटलं तर म्हणाली, "बस चालेल. बसमधे माणसं असतात." मी हे पुरतं ऐकून घेतलं आणि वेळापत्रक शोधून दिलं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते टौरंगात आणि आसपास राहणाऱ्या मराठी घरांकडे. कृपा करून आंद्रूलासाठी स्वागत समिती काढू नका. फेसबुकवर मोहीम नको, हार नकोत, तिच्या जीवनसंघर्षावर भाषण नको. तिचा पत्ता मी इथे देणार नाही, कारण तिला अजून विचारलेलं नाही. तुमच्या घरी आई असेल, सासू असेल, मिरजेहून, नाशिकहून, ठाण्याहून आलेली, सहा महिन्यांसाठी किंवा कायमची, तर आज जेवायला बसाल तेव्हा तिला एवढंच विचारा: सायप्रसहून एक बाई येते आहे, अळकुड्या न धुता करते, तिच्याकडे कॉफी प्यायला जाशील का? ती हो म्हणाली तर मला आपल्या मराठी मंडळामार्फत कळवा, म्हणजे मी आंद्रूलाला विचारीन. नाही म्हणाली, किंवा तिसरंच काही बोलायला लागली, तर फोन बाजूला ठेवा आणि ती थांबेपर्यंत ऐका.